थोरला लायब्ररीत असायचा

सरकत्या जिन्याने चौथ्या मजल्यावर जाताना फौजदारीणबाईनं लेकीचा दंड असा आवळला होता, की उद्या त्यावर वळ दिसावेत.

"तू पडशील म्हणून धरलंय," ती म्हणाली.

नवरा काही फौजदार नव्हता. अख्ख्या गल्लीला धाकात ठेवते म्हणून हे नाव पडलेलं, आणि तिला ते आवडायचंही. तिचा थोरला या परक्या शहरात शिकायला आला आणि झोपेतच गेला, त्याला वर्ष होऊन गेलं. आता लेकीच्या ऑफिसनं तिला इथं चार दिवसांसाठी धाडलं, तर ही बरोबर निघाली. बाजार नको, बोटीतली फेरी नको. थोरला जिथं बसून शिकला ती लायब्ररी बघायची आणि तिथं फोटो काढायचा. तो गेल्यावर भेटायला आलेल्या बायकांत धाकटी जाऊ पुटपुटली होती, "कसलं शिक्षण नि कसलं काय, बघितलंय कुणी?" तो फोटो तिच्या तोंडावर मारायचा होता.

वर सगळी काचच काच. पुस्तकं छताला भिडलेली. मधे गुबगुबीत खुर्च्या, आणि एकीत एक बाप्या बूट काढून पसरलेला.

"हा शिकतोय का वामकुक्षी घेतोय?"

"आई, हळू."

"कुठं बसायचा तो?"

लेकीनं इकडंतिकडं पाहिलं आणि खिडकीजवळची एक खुर्ची दाखवली. "ही."

बाईनं खुर्चीच्या हातावरून तळवा फिरवला, धूळ झटकल्यासारखा. मग पाठीचा कणा ताठ करून बसली. लेकीनं फोटो काढला.

"अजून एक काढ. डोळे मिटले असतील माझे."

मिटले नव्हते. तरी लेकीनं दुसरा काढला.

"अगं, इथूनच करायचा की मला फोन!" बाईचा आवाज चढला. "रोजचं ठरलेलं. आई, लायब्ररीत आहे, थोडक्यात बोल—"

काठीसारखी वाळकी एक लायब्ररीवाली कुठूनशी आली. ओठांवर बोट ठेवून तिनं भिंतीकडं हात केला. भिंतीवर फोनचं चित्र होतं, त्यावर लाल फुली. ते समजायला शाळेत जावं लागत नाही.

लेकीला वाटलं, आता आईच्या तोंडाचा पट्टा सुटणार. पण ती त्या चित्राकडंच बघत राहिली.

"इथं फोनवर बोलू देत नाहीत."

"जिन्यात जाऊन बोलत असेल गं."

"जिन्यात भांडी कोण आपटतं?"

लेक फोन पर्समधे ठेवायला लागली.

"त्याच्या फोनमधे मागे भांडी वाजायची. नळ धो धो वाहायचा. मी म्हणायची, काय रे, तुझ्या लायब्ररीत पंगत बसलीय का? तर नुसता हसायचा." बाई खुर्चीतून उठली. "आल्या आल्या तू मला खाली त्या चहाच्या जागेवरून ओढत नेलंस. का?"

उत्तराला ती थांबली नाही. सरकत्या जिन्यावर या वेळी तिनं कुणाला धरलं नाही.

तळमजल्यावर, दाराला लागूनच, चहा-कॉफीची टेबलं होती. त्यांच्या मागे एक झुलतं दार. कुणी आत गेलं की वाफेचा लोट बाहेर यायचा, आणि त्याबरोबर बशीवर बशी पडल्याचा, पाण्याच्या जोराच्या धारेचा आवाज. बाई दारापाशी थांबली. फोन कानाला लावल्यासारखी मान कलती करून उभी राहिली.

"इथं?"

"पहिल्या वर्षानंतर कॉलेज सुटलं त्याचं," लेक म्हणाली. "मग इथंच कामाला होता. शेवटपर्यंत."

"आणि तुला ठाऊक होतं."

"त्यानं शपथ घातली होती."

"कुणाची?"

"तुझी. दुसरी कुणाची मी पाळली असती का?"

"मी काय खाल्लं असतं त्याला?"

लेकीनं आता आईच्या डोळ्यांत पाहिलं. "शेजारच्या काकूंचा मुलगा हॉटेलात कामाला लागला, तेव्हा तू दारात उभी राहून काय बोललीस? आम्ही दोघं आत जेवत होतो, आई."

बाईला सगळं आठवत होतं. लोकांची उष्टी खरकटी काढायला नाही जन्माला घातली मी माझी पोरं, असं ती बोलली होती, आणि काकू त्यानंतर महिनाभर मान वर करून चालली नव्हती. एरवी उलट बोलणाऱ्या लेकीला तिनं जागच्या जागी सरळ केलं असतं. आज तिनं जवळची खुर्ची ओढली आणि बसली.

"चहा सांग."

चहा जाड पांढऱ्या कपात आला. तिनं तो सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

"वरचे फोटो पुसून टाकू?" लेकीनं विचारलं.

"राहू दे. तो खोटं नाही बोलला. लायब्ररीतच होता."

एक बाई ढकलगाडी घेऊन टेबलं आवरत येत होती. तिनं कपाला हात घातला, तशी फौजदारीणबाईनं वरून आपला पंजा ठेवला. "थांब गं, बाई." तिनं बाटलीतलं थोडं पाणी कपात ओतलं, बोटानं आतून फिरवलं आणि पिऊन टाकलं. मग पदराचं टोक घेतलं. कप आतून पुसला, काठ पुसला, कान पुसला. बशी उलटसुलट करून पुसली.

ढकलगाडीवाली हसून काहीतरी म्हणाली.

"आई, ती म्हणतेय, असू द्या. आत धुतात."

"म्हणून तर," फौजदारीणबाई म्हणाली, आणि तो कप तिनं दोन्ही हातांनी तिच्या हाती दिला.