काळा दोरा

काल आंघोळ घालताना भुंग्याने विदुलाच्या नवऱ्याच्या हाताला कडकडून चावा घेतला, तेव्हा “हा कुत्रा आता घरात नको,” असं त्याने निक्षून सांगितलं. शेवटचा उपाय म्हणून विदुला भुंग्याला घेऊन प्राण्यांच्या डॉक्टर चिटणीसांकडे आली.

डॉक्टरांनी एक पट्टी त्याच्या पायाला बांधली आणि तिच्या जोडीची दुसरी विदुलाच्या मनगटावर.

“आता त्याला जे होईल ते तुम्हालाही जाणवेल. कुरवाळा बघू त्याला.”

तिने भीत भीत त्याच्या मानेवर हात ठेवला. भुंग्या गुरगुरला आणि तिच्याच गळ्याभोवती सुरी फिरल्यासारखी आग झाली.

“अगं आई गं! हा रोज हे सोसतोय?”

डॉक्टरांनी दाट केस बाजूला सारले. कातडीत काळा दोरा रुतला होता. पिल्लाला दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला. भुंग्या वाढला, दोरा तेवढाच राहिला.

“मीच बांधला होता हो,” विदुला रडवेली झाली.

डॉक्टरांनी ती जागा बधिर केली, तशी तिचीही मान बधिर झाली. मग कात्री चालली. दोरा तुटला आणि तिचा श्वास मोकळा झाला. भुंग्याने तिचा हात चाटला.

“काढू का पट्टी?” डॉक्टरांनी विचारलं.

“थांबा ना जरा,” विदुला डोळे पुसत हसली. तिला नसलेली शेपटी जोरजोरात हलत होती.