मोजलेला उजेड

नोंदीत तिला दिसलं, भाकितांची फाईल आजही मामांच्या संगणकावरून उघडली गेली होती. सकाळी, बाकी कुणी यायच्या आधी.

शेजारी उभ्या असलेल्या मॅनेजरने घसा खाकरला. मामा तुमच्या घरचे म्हणून काल आपण गप्प बसलो, तो म्हणाला, पण घरभेदी घरातच असतो. तिने नोंद बंद केली.

केसाहून बारीक वाटा चिपवर कोरायच्या आणि त्यांतून प्रकाश न्यायचा, असं त्यांचं काम. सरळ वाटेवर प्रकाश गुणी बाळासारखा चालतो. वळण आलं की सांडतो. कुठलं वळण कसं कोरलं तर किती सांडेल, हे आधीच सांगणारं मॉडेल तिने घडवलं होतं. चिप कोरून आली की मामा मोजायचे. वाटेच्या एका तोंडाशी प्रकाशाची तार नेमकी टेकवायची आणि दुसऱ्या तोंडाशी किती उजेड पोचला ते लिहायचं. ते आकडे पुन्हा मॉडेलला शिकवायचे. वर्षभर मॉडेलचं भाकीत आणि मामांची मोजणी सख्ख्या बहिणींसारखी हातात हात घालून चालली होती. त्या भरवशावर ही चिप आता इस्पितळांतल्या यंत्रांत बसणार होती.

आणि परवा स्पर्धक कंपनीच्या चिपचं चित्र आलं. वळणाला तोच फुगवटा, तिच्या मॉडेलने सुचवलेला.

मोजणाऱ्याने भाकीत आधी बघायचं नसतं, हा तिथला पहिला नियम. तिला तो मामांनीच शिकवला होता. ते आईचे धाकटे भाऊ. तिला इथं आणलं त्यांनी. आता ती त्यांची वरिष्ठ झाली, तर चारचौघांत तिला ‘मॅडम’ म्हणून चिडवायचे. पूर्वी तार टेकवताना गुणगुणायचे, ‘वाट वाकली वाकली, उजेडा तू वाकू नको.’ मोजणीच्या खोलीबाहेर ऐकू यायचं. हल्ली दाराला आतून कडी असायची, आणि आत सगळं चिडीचूप.

तिने दार वाजवलं. कडी निघायला वेळ लागला.

“मामा, भाकितं कशाला बघतोस?”

“किती उजेड शोधायचा ते आधी कळतं गं. या वयात आंधळी कोशिंबीर कोण खेळणार?”

“बाहेर कुणाला दाखवलीस?”

“माझे दोस्त सगळे मोतीबिंदूवाले,” मामा हसले. “त्यांना दाखवून काय उपयोग?”

पण हसताना हातातली कपबशी खुळखुळली. त्यांनी ती घाईने खाली ठेवली आणि हात टेबलाखाली नेले. तिच्या मनात पाल चुकचुकली.

घरी आईचा फोन आला. मामा हल्ली बोलायचं टाळतो, काही लपवतोय का, असं आई विचारत होती. कामाचा ताण आहे, असं सांगून तिने फोन ठेवला. उद्या हाच भाऊ चोर निघाला तर आईला कोणत्या तोंडाने सांगायचं, ते तिला सुचेना. 

सकाळी तिने सापळा लावला. नव्या चिपमध्ये एक वळण तिने मुद्दाम वेडंवाकडं कोरून घेतलं होतं. चांगल्याबरोबर वाईटही मॉडेलला कळावं म्हणून. तिथं निम्मा उजेड सांडणारच, हे कुणी शिकाऊसुद्धा सांगेल. मॉडेलनेही तेच सांगितलं होतं. तिने तो आकडा पुसला आणि मनाने दुसरा घातला: एक थेंबही सांडणार नाही. चिपवर नुसते क्रमांक होते. आतलं वळण मामांना दिसायची सोय नव्हती. ही थाप स्पर्धकाने गिळली की चोर आपोआप कळणार होता. फाईल तिने नेहमीच्या जागी ठेवली.

मामांनी ती उघडली. मग कडी लागली.

दुपारी मॅनेजर इस्पितळांच्या चिपसाठी सही घ्यायला आला. थांबू या का, तिने विचारलं. तो म्हणाला, चोर कुणीही असो, मॉडेल तर खरं आहे ना? तिला ते पटलं. तिने सही केली आणि कारखान्याला होकार गेला.

संध्याकाळी मामा निघाले. तिच्या खुर्चीमागे थांबून म्हणाले, आकडे पाठवलेत मॅडम, बघून घ्या. नेहमीसारखी टपली मात्र मारली नाही. ते जिना उतरेपर्यंत ती पाठमोरी बसून राहिली. रडू येत होतं आणि रागही. सख्ख्या मामावर पाळत ठेवायची वेळ आली होती.

मॉडेलला शिकवायला म्हणून तिने मामांची मोजणी उघडली. आकड्यांवरून नजर नुसतीच फिरत होती. त्या वेड्यावाकड्या वळणापाशी ती थांबली. मामांनी मोजल्याप्रमाणे तिथं उजेडाचा एक थेंबही सांडला नव्हता.