दगडांची मोजणी

बाबाला नाल्यापलीकडे पुरून परतलो तेव्हा खांदे भरून आले होते. आमची पुरायची जुनी जागा इथेच, दगडांच्या प्राचीन वर्तुळाजवळ. पण सरकारनं घातलेल्या तारेच्या कुंपणाआत कुदळ लावायची नाही, हे एकोणीस वर्षं गावाला मीच सांगत आलोय. मी इथला सरकारी चौकीदार.

"हजारो वर्षांमागच्या मढ्यायची राखण करतं," माय म्हणाली, "अन् तुह्या बापाले जागा नाही?"

मी कुदळ कोपऱ्यात ठेवली आणि आडवा झालो.

सकाळी नेहमीसारखे वर्तुळाचे दगड मोजले. सत्तावीसच्या जागी अठ्ठावीस भरले. नवा दगड बाकीच्यांहून लहान होता, नाल्यातला, हळद लावलेला. आमच्यात मेलेल्या माणसाच्या नावानं दगड ठेवतात, तसा. शेजारी माय बसली होती. तळहात सोललेले.

"खोदलं नाही म्या," ती म्हणाली. "नुसता ठेवला."

उचलायला वाकलो, पण उचलवला नाही.

दुपारी तपासणीला आलेल्या साहेबांनी जीपमधूनच माझी मोजणीची वही चाळत विचारलं, "दगड किती?"

"अठ्ठावीस, साहेब."

"वहीत तर रोज सत्तावीस लिहिलंय!"

"चुकलं, साहेब. एकोणीस वर्षं एक मोजायचा राहत होता."