पंचावन्न पूर्ण

पंचावन्न पूर्ण झाली म्हणून खात्यानं ज्योतीराम हवालदाराला हार घालून घरी पाठवलं. पुनावळ्यात त्याचे वडील मालोजी ओसरीवर फेटा बांधत होते. गावची पोलीसपाटीलकी अजून त्यांच्याकडंच होती. वतनाच्या कामाला वयाची अट नव्हती.

“आबा, मुंबई सरकार म्हणतं, मी म्हातारा झालो.”

“म्हणू दे. बांधावरनं वरच्या आळीतल्या दोघा भावांची जुंपलीय. बूट काढू नगंस, चल तसाच.”

शेतात दोघांनी कुऱ्हाडी उगारल्या होत्या. आबांना बघताच त्या खाली आल्या. ज्योतीराम सवयीनं पुढं होऊन दरडावू लागला, तसं आबांनी त्याला दंडाला धरून मागं ओढलं.

“पोरा, मोठी माणसं बोलत असताना मधी बोलू न्हाई.”

सकाळपासून पहिल्यांदाच ज्योतीराम मनापासून हसला.