शर्टाच्या खिशातलं

"दोन पानं. स्वतःच्या हाताने लिहिलेली. रविवारपर्यंत मिळाली नाहीत, तर लग्न मोडलं समज," असं म्हणून होणारी सून लाँड्रीची पायरी उतरली.

तिचंही चुकत नव्हतं. वाढदिवसाला तिला आलेला प्रेमाचा मेसेज तिच्या मैत्रिणीलाही आला होता. मैत्रिणीच्या नवऱ्याकडून. त्याच गुलाबासकट.

"भोगा आता," लाँड्रीवाला मुलाला म्हणाला आणि त्याने चहा टाकला. दोन कप. बायकोला जाऊन वर्ष झालं होतं, पण हात अजून दोनच कप काढत. दुसरा कप मुलाने उचलला आणि औषध घ्यावं तसा एका घोटात संपवला. पोराला पत्राची घाई झालीय, असं बापाला वाटलं.

मुलगा धुवायच्या कपड्यांच्या ढिगावर वही घेऊन बसला. बराच वेळ पेन चावत राहिला.

"बाबा, तुम्ही आईला काय लिहायचात?"

"मनात येईल ते."

"माझ्या मनात भलतंच येतं."

"मग खोड आणि पुढे लिही. मी काय वेगळं करायचो?"

रविवारी सकाळी मुलगा गिऱ्हाइकांचे कपडे पोचवायला निघाला. सायकलवरूनच ओरडला, "पत्र खिशात आहे हो! तिच्या कपड्यांत घालून ठेवा, ती घेऊन जाईल."

टेबलावर मुलाचाच शर्ट होता. लाँड्रीवाल्याचा हात सवयीने आधी खिशात गेला. कागदाचा बोळा निघाला. हल्लीची पोरं प्रेमपत्रसुद्धा चुरगाळून देतात, त्याच्या मनात आलं. खिशात सापडेल ते वाचायचं नाही, नीट करून परत द्यायचं, हा त्याचा धंद्यातला नियम. त्याने कागदावर पातळ कापड पसरलं, इस्त्री मंद केली आणि बोळ्याचं पत्र करून तिच्या कपड्यांत सरकवलं. दुपारी ती गठ्ठा घेऊन गेली.

संध्याकाळी मुलाने खुंटीवरचं जाकीट चढवलं, खिशात हात घातला आणि चादरीसारखा पांढराफटक पडला.

"बाबा, पत्र तर इथेच आहे! मोबाइलवरून किती छान उतरवून काढलं होतं! मग तिला काय दिलंत?"

"खिशातलं."

"कुठल्या?"

"शर्टाच्या."

मुलगा कपड्यांच्या ढिगावर बसला. "अहो, ते मी सगळं खोडलेलं होतं!"

"असेल. इस्त्रीने सुरकुत्या जातात, अक्षरं जात नाहीत."

तेवढ्यात ती दारात उभी. हातात तोच कागद, कडक इस्त्रीचा.

"काका, तुमच्या चिरंजीवांना खोडतासुद्धा येत नाही. नुसती एक रेघ मारलीय. ऐका. 'तुझे डोळे सागरासारखे.' खोडलंय. बरं केलं. 'तुझा हात धरला की माझ्या हाताला घाम सुटतो, म्हणून मी मोबाइल धरून बसतो.' हेही खोडलंय. 'तुझ्या आईची मला भीती वाटते.' हे तर दोनदा खोडलंय."

मुलगा ढिगात शिरायच्या बेतात होता. तिने कागद उलटा केला. तिचा आवाज हळू झाला.

"'आई गेल्यापासून बाबा तिच्याही वाट्याचा चहा करतात. तो वाया गेलेला त्यांना बघवणार नाही, म्हणून मी पितो. मला चहा अजिबात आवडत नाही.'"

लाँड्रीवाला इस्त्रीखालच्या शर्टाकडे बघत राहिला. करपल्याचा वास आला तेव्हा कुठे त्याने इस्त्री उचलली.

"गाढवा," तो एवढंच म्हणाला.

तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली, स्टूल ओढलं आणि बसली.

"चहा ठेवा, बाबा. मला आवडतो."