नाळ ओढायची रीत

आकडे तिसऱ्यांदा तपासले तरी तेच निघाले. सुईणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

सकाळी प्रसूतिगृह, दुपारी वर्ग आणि उरल्यासुरल्या वेळात संशोधन, असा त्यांचा रगाडा बावीस वर्षं चालला होता. मूल बाहेर आलं की आईच्या पोटात नाळेला जोडलेली वार आपोआप सुटायची वाट बघत बसायचं नाही, नाळ धरून ती लगेच ओढून काढायची, ही त्यांची रीत. त्याने रक्त कमी जातं, असं त्या छातीठोकपणे सांगत. शेकडो मुली तेच शिकून बाहेर पडल्या. आता नऊशे बाळंतिणींच्या नोंदी उलटं सांगत होत्या. वार ओढून काढली तिथे रक्तस्राव दुप्पट.

बाईंना सगळ्यात आधी आठवली ती त्यांची एक विद्यार्थिनी.

तीन वर्षांपूर्वी बाईंची एकुलती एक लेक याच प्रसूतिगृहात बाळंतपणात गेली. बाई तेव्हा परगावी होत्या, व्याख्यानाला. लेकीजवळ होती ती ही मुलगी, वर्गातली सगळ्यात हुशार. नोंदीत वार कशी काढली ती जागा कोरीच होती. पण एवढं रक्त गेलं म्हणजे हिने वाटच बघितली असणार, माझं ऐकलं असतं तर माझी पोर वाचली असती, असं बाईंनी चौकशीत सांगितलं. मुलगी मान खाली घालून उभी राहिली. चकार शब्द बोलली नाही. तिची नोकरी गेली, परवानाही गेला.

बाई पत्ता काढत गेल्या तेव्हा ती एका दुकानात कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने स्टूल पुढे केलं. बाई बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच आकडे काय निघाले ते सांगितलं.

“तू वाट बघितलीस तेच बरोबर होतं,” त्या म्हणाल्या. “मी तुला आयुष्यातून उठवलं. चौकशी पुन्हा उघडायला लावते.”

मुलगी हातातली घडी उगाच मोडून पुन्हा घालत राहिली.

“नका उघडू, बाई.”

“का? तुझ्यावरचा डाग जाईल.”

“तुमची लेक नुकती गेली होती. तेव्हा माझ्याच्याने सांगवलं नाही.” तिने मान वर केली नाही. “मी वाट बघितली नव्हती, बाई. तुम्ही शिकवलंत तसंच केलं होतं.”