भोंग्यातून आईला हाक

या मंडळी, जवळ सरका. गोष्ट लहान आहे, पण उठाल ते हसऱ्या तोंडाने उठाल.

वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं. दोन तासांत नदी वस्तीत शिरणार असा फोन आला आणि टेकडीवरच्या शाळेच्या पायरीवर सूनबाईने भोंगा तोंडाला लावला. वस्तीत सगळे तिला सूनबाईच म्हणत. पुराच्या वेळी लोकांना वर आणायचं काम तिच्याकडे. पद्धत ठरलेली: घरांचे क्रमांक पुकारायचे, येईल त्याची वहीत खूण करायची, आणि शेवटचा माणूस येईपर्यंत शाळेचं दार सोडायचं नाही. नियम तिनेच केलेला.

तासाभरात वस्ती वर आली. कोणी कोंबड्या काखोटीला मारल्या, कोणी शिलाईमशीन डोक्यावर घेतलं. आल्या नाहीत त्या सहा म्हाताऱ्या. घरच्यांनी हातापाया पडून पाहिलं, एकीचंही बूड हललं नाही. त्यांतली एक सगळ्यांत खाली, घर क्रमांक एकमध्ये. सूनबाईची सासू.

"उचलायला गेलो तर काठी उगारली हो!" टेम्पोवाला धापा टाकत आला. "जगाला शिकवता, आणि घरची म्हातारी खाटेवर!"

"घर क्रमांक एक! घर क्रमांक एक!" सूनबाई ओरडली. दार बंदच. पाणी उंबऱ्याखालच्या पायरीला लागलं, तशी तिची सगळी पद्धत कोलमडली. भोंग्यातून रडवेला आवाज फुटला, "आई, या ना हो! तुम्हाला सोडून मी कुठे जाऊ? आई!"

दार उघडलं. आणि एकच नाही, गल्लीतली सहाही दारं उघडली. काठ्या टेकत, पदर खोचत, एकमेकींना धरत म्हाताऱ्या चढ चढू लागल्या. टेम्पोवाल्याने धावत जाऊन एकीला पाठीवरच घेतलं.

सासू पोचली ती फणकारतच. "आले ना मी! गावभर बोंब कशाला? आणि क्रमांक एक काय गं, मी काय कैदी आहे?" सूनबाईने तिला घट्ट मिठी मारली. "सोड, सोड," म्हातारी म्हणाली, "मागे रांग लागलीय."

सगळे पोट धरधरून हसले. सूनबाई डोळे पुसत खुणा करू लागली. सहा म्हाताऱ्या, सहा खुणा. मग समोर सातवी उभी. वस्तीबाहेर, नदीकाठच्या उंचवट्यावर छत्र्या दुरुस्त करत एकटी राहणारी. तिची झोपडी वहीत कधी चढलीच नव्हती.

"आजी, कोणाच्या म्हणून लिहू तुम्हाला?" सूनबाईने ओशाळून विचारलं.

"मला कुठलं गं मूलबाळ? पण पोर एवढी आई आई करतेय, म्हटलं, बसून कसं राहावं?" म्हातारी पायरीवर टेकली, गुडघे चोळू लागली. "हाक तू मारलीस. तुझीच लिही."

सूनबाईने लिहिलं.

मंडळी, आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा नुसत्या हाकेवर आई होऊन आलेल्या त्या छत्रीवाल्या आजीची आठवण ठेवा.